ईश्वरी संकल्प आणि दैव

ईश्वराचा संकल्प अढळ आहे असें ऐकतांच कित्येक विद्यार्थी विचारतात, "मग आम्हीं अभ्यास कशाला करावा?" हा प्रश्न थट्टेचा नव्हे, परंतु त्यांत संकल्पाला दैव समजण्याचा घोटाळा आहे. दैव आंधळें, संकल्प पित्याचा.

योसेफाचें चरित्र पाहा. १७ व्या वर्षीं भावांनीं त्याला चांदीच्या २० नाण्यांस विकलें. ३० व्या वर्षीं तो फारोपुढें उभा राहिला. मधलीं १३ वर्षें दास्यांत व तुरुंगांत गेलीं. पैकीं २ तर प्यालेबरदाराच्या निव्वळ विसराळूपणामुळें! भावांची दुष्टाई दुष्टाईच राहिली, पण तिनें संकल्प मोडला नाहीं. पुढें ७ वर्षांचा दुष्काळ ईश्वरानें ठरविला आहे हें कळल्यावर योसेफ हात जोडून स्वस्थ बसला नाहीं. सुकाळाच्या ७ वर्षांत त्यानें पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत सांठविला. त्या धान्यावर मिसर देश जगला, आणि त्याला विकणारे भाऊहि जगले.

आईबापांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्या विक्रींतहि देवाचा हेतु होता, असें योसेफ स्वतः म्हणाला, आणि तेंहि सुमारें २२ वर्षांनीं. खड्ड्याच्या कांठाशीं उभें राहून तें त्याला कोणीं ऐकविलें नव्हतें. आमच्यांतील कित्येक जण मात्र शोकाकुल घरीं तिसऱ्याच दिवशीं तें ऐकवितात.