बुलेटच्या नावातली बंदूक

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या मावसभावाने बुलेट घेतली. मावशीने टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, आणि पहिली चक्कर फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपर्यंत मारायची ठरली. मागच्या सीटवर मी. समाधीसमोर गाडी लावून आम्ही पेढे खात होतो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, हे 'मेड लाइक अ गन' काय प्रकरण आहे? मोटरसायकलचा आणि बंदुकीचा काय संबंध?"

मी "अरे, मजबुती दाखवायला म्हणत असतील" असं सांगून वेळ मारून नेली. या सदरात मी एरवी मोबाइल आणि कॉम्प्युटरबद्दल लिहितो, बंदुकांतलं मला काही कळत नाही. पण रात्री वाचायला बसलो, आणि तो संबंध आम्ही पेढे खात उभे होतो त्या जागेच्या फार जवळ येऊन पोचला.

एन्फिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं एक गाव. तिथे ली नदीच्या काठी इंग्रज सरकारचा बंदुकांचा कारखाना होता : रॉयल स्मॉल आर्म्स फॅक्टरी. १८९०च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या रेडिच गावातल्या सायकली बनवणाऱ्या मंडळींना या कारखान्याला सुटे भाग पुरवायचं कंत्राट मिळालं. त्या अभिमानात त्यांनी आपल्या सायकलीला एन्फिल्डचं नाव दिलं, पुढे 'रॉयल' जोडलं आणि घोषवाक्यात बंदूक आणली. म्हणजे १९५५पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या आपल्या बुलेटच्या टाकीवर खरं तर एका सरकारी बंदूक कारखान्याचं नाव आहे.

कारखाना निघाला १८१६च्या सुमारास. नेपोलियनशी लढताना सरकारच्या लक्षात आलं होतं, की बंदुकांसाठी आपण सर्वस्वी बर्मिंगहॅम आणि लंडनच्या खाजगी कारागिरांच्या हातात आहोत. तेव्हा बंदूक एका छपराखाली बनत नसे. नळी एकाकडे, चापाची कळ दुसऱ्याकडे, लाकडी दस्ता तिसऱ्याकडे, आणि शेवटी एक जण कानशीने घासून घासून सगळं एकमेकांत बसवणार. त्यामुळे प्रत्येक बंदूक आपल्यापुरती एकटी. एकीचा स्क्रू दुसरीला लागेल याची खात्री नाही. लढाईत कळ मोडली तर नवा भाग लावण्यापेक्षा कारागीर शोधणं आलं. एन्फिल्डलाही पहिली चाळीसेक वर्षं थोडंफार असंच चालत होतं.

मग १८५४ साली क्रिमियाचं युद्ध तोंडावर आलं आणि इंग्रजांनी एक समिती अमेरिकेला पाठवली. तिथे स्प्रिंगफील्डला अमेरिकन सरकारचा बंदूक कारखाना होता. पाहुण्यांनी १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली प्रत्येकी एक अशा दहा बंदुका मागवल्या, त्या त्यांच्यासमोर सुट्या केल्या आणि सगळे भाग खोक्यांत मिसळून टाकले. मग एका कामगाराला सांगितलं, की आता यातून दहा बंदुका जुळव. त्याने हाताला येईल तो भाग उचलला आणि फक्त स्क्रू ड्रायव्हर वापरून एकेक बंदूक साधारण तीन मिनिटांत उभी केली. दहा वर्षांच्या अंतराने बनलेले भाग एकमेकांत नीट बसले. कानस लागलीच नाही.

मला हा प्रसंग वाचताना अगदी आमच्या ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. २०१४ साली कुणी तरी लिहिलेलं मोड्यूल आज नव्या सिस्टिमला जोडून पाहा, मग त्या कामगाराची किंमत कळेल!

यामागचं गुपित यंत्रांत होतंच (लाकडाचा दस्ता कोरायला यंत्रांना २२ मिनिटांच्या आसपास लागत), पण त्याहून जास्त ते गेजमध्ये होतं. मेकॅनिकलवाल्यांनी वर्कशॉपमध्ये गो आणि नो-गो गेज हाताळले असतील. एका मापात भाग गेला पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. कारागिराचा हात किती सधा आहे याला मग महत्त्व उरत नाही, माप खरं असलं की झालं. इंग्रजांनी ही यंत्रं अमेरिकेतून विकत घेतली, ती चालवायला अमेरिकन सरकारी कारखान्यात काम केलेला जेम्स बर्टन हा इंजिनियरही आणला, आणि १८६०पर्यंत एन्फिल्डला आठवड्याला सतराशेच्या आसपास रायफली तयार होऊ लागल्या.

ही रायफल म्हणजे १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड. इथून गोष्ट आपल्याकडे वळते. ही यंत्रं पुरती सुरू होण्याआधीच, ठेकेदारांकडून बनवून घेतलेल्या एन्फिल्ड हिंदुस्थानात येऊ लागल्या होत्या. जुन्या बंदुकीच्या नळीला आतून आटे नसत आणि शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. एन्फिल्डच्या नळीला आतून आटे होते, आणि नेम धरायच्या पट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा. आट्यांच्या नळीत वरून गोळी ढकलायची तर वंगण हवं, म्हणून कागदी काडतुसाला चरबी लावलेली, आणि ते दातांनी तोडायचं. पुढचं आपण शाळेत शिकलो : जानेवारी १८५७मध्ये डमडमला उठलेली गायी-डुकराच्या चरबीची वार्ता, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, १० मेला मीरत. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही ही काडतुसांची हकिकत येते. जून १८५८मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सरायला राणी पडल्या.

शाळेत जे शिकवलं नाही ते यापुढचं. बंड मोडल्यावर इंग्रजांना प्रश्न पडला, की इतकी चांगली रायफल हिंदी शिपायांच्या हाती द्यायची कशी? उत्तर निघालं १८५८च्या नमुन्यात. दिसायला तीच एन्फिल्ड, पण नळीतले आटे खरवडून काढलेले. भोक .५७७ इंचावरून .६५६ इंचांवर नेलेलं. मागची सरकती पट्टी काढून साधी खाच ठेवलेली. म्हणजे लांबचा नेम लागूच नये, अशी मुद्दाम सोय. नळीची भिंत त्यामुळे इतकी पातळ झाली, की नळ्या फुगू आणि वाकू लागल्या, आणि पुढच्या वर्षी जाड नळीचा सुधारित नमुना काढावा लागला.

एकाच प्रॉडक्टचे दोन बिल्ड, एकात फीचर बंद, हे आम्ही रोज करतो. पैसे भरा, फीचर चालू. इथे मात्र ते शिपायाच्या कातडीच्या रंगावर चालू-बंद होत होतं, आणि त्याची किंमत तो रणांगणावर मोजणार होता. पुढेही हाच शिरस्ता राहिला : हिंदी पलटणी हत्यारात एक पिढी मागे. २७ जुलै १८८०ला अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांचा मोठा पराभव झाला. तिथे गोऱ्या ६६व्या रेजिमेंटकडे नव्या मार्टिनी-हेन्री होत्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुंबई इलाख्याच्या हिंदी पलटणींकडे जुन्या स्नायडर.

एन्फिल्डचं नाव नंतर किती बंदुकांत शिरलं याची गंमत वेगळीच. ब्रेनगन म्हणजे चेक गावाचं बर्नो अधिक एन्फिल्ड. स्टेनगन म्हणजे शेफर्ड आणि टर्पिन या दोघांची आद्याक्षरं अधिक एन्फिल्ड. आणि आपल्या पोलिसांची थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एन्फिल्ड. ती बंगालमध्ये ईशापूरच्या सरकारी कारखान्यातही बनू लागली आणि स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. १९६२ साली चीनसमोर आपले जवान तिच्याच भरवशावर उभे होते. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत सीएसटीवर एके-४७समोर आपल्या पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२०च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात. एक पिढी मागे राहायचा तो शिरस्ता इंग्रज गेल्यावर आपण आपल्याच शिपायांना किती वर्षं लावला, हे मला त्या रात्री नीट झोपू देईना.

मूळ कारखान्याचं पुढे काय झालं? १९८०च्या दशकात थॅचर सरकारने सगळे सरकारी शस्त्र कारखाने एका कंपनीत गोळा केले, १९८७ला ती कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला विकली, आणि १९८८ला एन्फिल्डला टाळं लागलं. तिथे तयार झालेली शेवटची रायफल, एसए८०, इतकी अडकायची की ती दुरुस्त करायला एका जर्मन कंपनीला बोलवावं लागलं. आज त्या जागी घरांची वसाहत आहे. अमेरिकन यंत्रांसाठी बांधलेली मशीन शॉपची इमारत आणि तिच्यावरचा घड्याळाचा मनोरा तेवढा राखला आहे.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "दादा, आणि आपण पहिली चक्कर नेमकी समाधीपर्यंतच मारली!" गाडी अजून तीच चालवतोय. रविवारी सर्व्हिसिंगला न्यायची आहे.