माणसं आहेत, नेमणुका नाहीत

विमान रद्द झालं, सामानाच्या पट्ट्यावर तासभर बॅग आली नाही, तपासणीची रांग दाराबाहेर गेली, की हल्ली एकच उत्तर ऐकू येतं: माणसं मिळत नाहीत. महामारीत अनुभवी लोक गेले ते परतले नाहीत, नवे तयार व्हायला वेळ लागतो, तोवर प्रवाशांनी सांभाळून घ्यावं. हे उत्तर इतक्यांदा दिलं गेलं आहे की ते तपासून पाहावं असंही कुणाला वाटेनासं झालं आहे. नंदुरबारमध्ये बसून ते ऐकताना हसावं की रडावं कळत नाही. ज्या जिल्ह्याच्या धडगाव, अक्कलकुवा भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरभरून माणसं बारडोली, चलथाणकडच्या उसाच्या फडात जातात, त्या जिल्ह्याला कुणी सांगावं की देशात कामाला माणूस मिळत नाही?

यावर पहिला आक्षेप येणारच. तुमच्याकडे विमानतळ नाही, तुम्हाला सुरत नाहीतर जळगाव गाठावं लागतं. या विषयात तुम्ही कशाला पडता? विमानतळ नाही हे खरं. पण प्रश्न विमानात कोण बसतं याचा नाही. विमान ज्यांच्या जोरावर उडतं ती माणसं कुठून येतात आणि त्यांना कसं वागवलं जातं, हा आहे. तो विचारण्याचा अधिकार विमानतळ असलेल्या शहरापेक्षा माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्याला जास्त आहे.

आता मूळ दावा घेऊ. 16 जुलै 2024. मुंबईत कलिना इथे एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीची थेट भरती होती. जागा 2,216, त्यातल्या बहुतेक सामान चढवण्या-उतरवण्याच्या, म्हणजे लोडरच्या. आलेल्या तरुणांची संख्या वर्तमानपत्रांनी पंधरा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत दिली. कुणी बुलढाण्याहून चारशे किलोमीटर तुडवून आलेला, कुणी राजस्थानातल्या अलवरचा. दहावी पास एवढीच अट असलेल्या कामासाठी पदवीधर रांगेत उभे होते. अर्ज भरायच्या टेबलापाशी पोहोचण्यासाठी रेटारेटी सुरू झाली आणि शेवटी कागद ठेवा आणि घरी जा, असं सांगून लोकांना परत पाठवावं लागलं. त्याच महिन्यात अंकलेश्वरला, म्हणजे आमच्या पोरांचं रोजचं जाणं-येणं असलेल्या गावाला, एका खासगी कंपनीच्या मोजक्या जागांच्या मुलाखतींना इतकी गर्दी झाली की हॉटेलच्या दारातला कठडाच कोसळला.

माणसं मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी कलिन्याचं ते दृश्य समोर ठेवून बोलावं.

यावर बचाव येतो तो असा, की गर्दी असते पण लायक माणूस नसतो. लोडरच्या कामाला लायकी म्हणजे काय लागते ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक देशांतर्गत विमानांच्या पोटात बॅगा सुट्याच रचतात. त्या पोकळीत ताठ उभं राहता येत नाही. गुडघ्यावर बसून, मान वाकवून, पंधरा-वीस किलोची एकेक बॅग हातोहात आत सरकवायची, आणि पुढच्या मुक्कामी आधी उतरायची ती दाराजवळ ठेवायची. बाहेर विमान उभं असतं ती जागा उन्हाने तापलेली, किंवा पावसाने निथळत असलेली. विमान अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा सुटायचं असतं, त्या तेवढ्या वेळात हे सगळं उरकायचं. कोयत्याने ऊस तोडून, मोळी बांधून, डोक्यावर घेऊन गाडीत भरणाऱ्या माणसाला हे जमणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऊसतोड पाहिलेली नाही. राहता राहिली ओळखीची आणि पोलीस पडताळणीची अट, विमानतळाच्या आतल्या प्रवेशपत्रासाठी ती लागते. देशातल्या आधार क्रमांकांचं वाटप 29 सप्टेंबर 2010 रोजी सुरू झालं ते याच जिल्ह्यातल्या टेंभलीतून. ओळख पटवायला आम्ही देशात सगळ्यांच्या आधी उभे राहिलो होतो.

मग अडतं कुठे? कलिन्याला भरती करणाऱ्या कंपनीच्या जाहिराती नीट वाचा. नेमणूक तीन वर्षांच्या मुदतीच्या करारावर. पगार वीस-पंचवीस हजारांच्या घरात. मुंबईत खोलीचं भाडं, लोकल, खानावळ वजा करून मागे किती उरतात याचा हिशेब गावाकडचं पोरगंसुद्धा तोंडी करतं. तीन वर्षांनी पुन्हा तीच रांग. आणि ही कंपनी कुणा खासगी शेठची नाही. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे गेली, पण ही जमिनीवरची कामं करणारी कंपनी सरकारच्याच मालकीची राहिली. म्हणजे सरकार एका तोंडाने रोजगार मेळावे भरवतं आणि दुसऱ्या तोंडाने कायम स्वरूपाच्या कामावर मुदतीचे मजूर नेमतं. विमानाच्या पोटात बॅगा भरण्याचं काम तीन वर्षांनी संपणार आहे काय?

दुसरी सबब महामारीची. यात तथ्य आहे आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशांतर्गत विमानं उभीच होती. मे अखेरीस सुरू झाली तेव्हा फक्त एक तृतीयांश क्षमतेने, आणि क्षमतेवरची मर्यादा पूर्ण उठायला ऑक्टोबर 2021 उजाडला. इंडिगोचा तोटा 2020-21 आणि 2021-22 या दोन वर्षांत मिळून बारा हजार कोटींच्या आसपास गेला. अशा वेळी कुठलीही कंपनी हात आखडता घेणारच. पण हात आखडला तो कुणावर? इंडिगोने जुलै 2020 मध्ये दहा टक्के कर्मचारी कमी केले. गोएअरने बहुसंख्य लोकांना बिनपगारी रजेवर बसवलं. एअर डेक्कनने एप्रिल 2020 मध्ये उड्डाणं थांबवली आणि सगळ्यांनाच बिनपगारी सुट्टी दिली. 2017 मध्ये जळगाव-मुंबई सेवा सुरू झाल्याचा केवढा गाजावाजा झाला होता, ती याच कंपनीची.

ज्याला हाकललं तो दोन वर्षं कंपनीच्या दारात वाट पाहत बसत नाही. तो दुसरं काम शोधतो, आणि ते बरं असेल तर परत येत नाही. आला तरी त्याची पडताळणी, प्रशिक्षण नव्याने. वैमानिकाचं तर नव्वद दिवसांत ठरावीक उड्डाणं-उतरणी झाली नाहीत की त्याला पुन्हा सराव घेतल्याशिवाय प्रवासी नेता येत नाहीत. हे कंपन्यांना 2020 मध्ये ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? युरोपातही हेच झालं. कर्मचारी घालवून बसलेल्या लंडनच्या हिथ्रो विमानतळाने 2022 च्या उन्हाळ्यात रोज एक लाखाहून जास्त प्रवासी सोडायचे नाहीत अशी मर्यादा घातली. संकट सगळ्यांवर आलं होतं. संकटात माणसाला सर्वांत आधी खर्च म्हणून पाहायचं, हे मात्र ठरवून केलेलं होतं.

आणि महामारी सरल्यावर काय झालं? 2 जुलै 2022 रोजी इंडिगोची निम्म्याहून जास्त उड्डाणं उशिरा सुटली, कारण केबिनमधले बरेच कर्मचारी अचानक आजारी पडले. त्याच दिवशी एअर इंडियाची भरती होती. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे दोनशेहून अधिक कर्मचारी एकाच वेळी आजारी पडले. त्याआधी एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीची दैना झाली ती पगाराच्या नव्या रचनेवरून. यात माणसं नव्हती कुठे? माणसं होती, कामावर घेतलेली होती, फक्त त्यांचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. दुखणं पगारपत्रकातलं आणि औषध मात्र प्रवाशाला, असा हा प्रकार.

तिसरा दावा सर्वांत सोयीचा आणि सर्वांत घातक आहे. तो म्हणजे डिसेंबर 2025 मधला गोंधळ वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे झाला. त्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, 5 डिसेंबरला एकाच दिवशी हजारावर. नियम असे होते: आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांऐवजी 48 तास, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजायची, रात्रपाळीत सहाऐवजी दोनच उतरणी. ऐकायला कडक वाटतात. पण हे नियम आकाशातून पडले नव्हते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले, जूनमध्ये लागू व्हायचे होते ते कंपन्यांच्या आग्रहाने पुढे ढकलले, दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, आणि मग जुलै व नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले. पहिल्या घोषणेपासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत बावीस महिने होते. तेवढ्यात काय केलं? नोव्हेंबरमध्येच इंडिगोची 1,232 उड्डाणं रद्द झाली, त्यातली 755 कर्मचारी आणि कामाच्या तासांच्या कारणाने. धोक्याची घंटा महिनाभर वाजत होती. स्वतःवर येऊ नये म्हणून वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ते विश्रांतीच्या नियमावर काढलं.

या नियमांमागे काय होतं ते आपल्याकडे तरी विसरू नये. ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाकडे निघालेला इंडिगोचा एक वैमानिक बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गेला. थकव्यानेच गेला असं कुणी सिद्ध केलेलं नाही, कंपनीने त्याला पुरेशी विश्रांती मिळाली होती असंही सांगितलं. तरी देशभरातल्या वैमानिकांनी तेव्हा जे प्रश्न विचारले ते खोटे नव्हते. आणि डिसेंबरात सरकारने काय केलं? कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत रात्रीच्या नियमांतून सूट दिली, विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही ही अटही मागे घेतली. वैमानिक झोपू नये म्हणून प्रवाशांचं कारण पुढे केलं. प्रवाशांना कुणी विचारलं असतं तर दोन तास उशीर पत्करला, पण झोपाळलेला वैमानिक नको, असंच बहुतेकांनी सांगितलं असतं.

कमतरता केवढी होती? कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार तिच्या ए-320 ताफ्याला 2,422 कॅप्टन हवे होते आणि 2,357 होते. सत्तरहून कमी कॅप्टन कमी पडतात आणि देश ठप्प होतो, याचा अर्थ राखीव माणूस ठेवायचाच नाही असा कारभार होता. हीच कंपनी जून 2023 मध्ये एका दमात 500 विमानांची मागणी नोंदवते आणि 2024-25 मध्ये सात हजार कोटींहून जास्त नफा कमावते. विमानं दहा वर्षं पुढचा विचार करून घ्यायची आणि माणसं मात्र आजच्या वेळापत्रकापुरती, हा हिशेब आहे.

कॅप्टन असलेल्या वैमानिकाला नोकरी सोडायची तर एक वर्षाची आगाऊ सूचना द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. नियमच आहे तसा. आमच्याकडे मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडपं फड सोडू शकत नाही, तसंच हे. फरक एवढाच की उचल घेणाऱ्याच्या हातात आधी पैसे तरी पडतात. जाणाऱ्याला वर्षभर अडवायचं आणि काढायचं असेल तेव्हा दहा टक्के एका पत्रकाने काढायचे, या विषमतेबद्दल चर्चेत कुणी अवाक्षर काढत नाही.

तिकीट स्वस्त हवं असेल तर हे सोसा, असंही म्हणतात. डिसेंबरात भाडी इतकी चढली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं, लांबच्या अंतराला अठरा हजार. स्वस्ताईचं एवढंच काय ते.

मग करायचं काय? उड्डाणांचं वेळापत्रक मंजूर करण्याचा अधिकार महासंचालनालयाकडे आहेच. गोंधळ झाल्यावर इंडिगोची दहा टक्के उड्डाणं कमी करून तो वापरला. तोच अधिकार मंजुरीच्या वेळी वापरावा: एवढी उड्डाणं, तर एवढे वैमानिक, एवढे केबिन कर्मचारी आणि त्यावर एवढे राखीव, कागदावर दाखवा आणि मगच परवानगी घ्या. सरकारच्या स्वतःच्या कंपनीने कायम कामाला कायम माणूस नेमून सुरुवात करावी, म्हणजे खासगीवाल्यांना सांगायला तोंड राहील. वैमानिकांचं प्रशिक्षण आमच्या शेजारीच होतं, धुळ्याच्या गोंदूरला आणि शिरपूरजवळच्या धावपट्टीवर. शिकाऊ विमानांचा आवाज ऐकत आमची पोरं शाळेत बसतात. पण शिक्षणाला पन्नास लाखांच्या वर लागतात, आणि आदिवासी बहुसंख्य असलेल्या जिल्ह्यात ते कुणाकडे असणार? ज्या कंपन्यांना वैमानिक हवेत त्यांनी निवडून शिक्षणाचा खर्च उचलावा आणि त्या बदल्यात सेवेचा करार घ्यावा. तेव्हा वर्षभराची सूचना मागितली तर तक्रार करणार नाही.

आणि भरती एकट्या कलिन्याच्या मैदानात करू नका. नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालं आहे, तिथे माणसं लागणारच आहेत. पुढची जाहिरात निघेल तेव्हा मुलाखतीचं एक केंद्र नंदुरबारच्या आयटीआयत ठेवा, पोलीस पडताळणी इथेच करून घ्या, आणि नेमणूक तीन वर्षांची नव्हे, कायमची द्या. त्यानंतरही जागा रिकाम्या राहिल्या, तर माणसं मिळत नाहीत असं खुशाल म्हणा.