फरशी कुणाची?

सोलापूरच्या चादरीचं कौतुक जगाला. रंगखात्यातल्या फरशीचं कुणाला? साबण, कॉस्टिक, रंगाचं पाणी, त्यात उभा माणूस. पडला की मुकादम म्हणतो, बघून चाल.

मी गोदीत ओझी वाहतो. ओल्या फळीवरनं पाय कसा जातो ते मला शिकवू नका.

1948 च्या कारखाने कायद्यानं ओल्या फरशीला निचरा मागितला. 1976 च्या दुरुस्तीनं फरशीवर घसरवणारं काही ठेवू नका म्हटलं. कागद कोरडाच राहिला. इपॉक्सीच्या ओल्या थरावर क्वार्ट्झची वाळू पेरली की पाय धरतो. नुसती गुळगुळीत इपॉक्सी चकाकते आणि पाडते.

मुंबईच्या गिरण्यांत तुटला धागा तोंडानं ओढायचा, म्हणून विणखात्यात आमचा विटाळ. ओल्या फरशीला तो कधीच झाला नाही!

दोस्तहो, बोनस मागताना फरशीही मागा. खरखरीत मागा.