रांगायचं कधी?

तर झालं असं की, गेल्या आठवड्यात रजा टाकून गंगापूरला गेलो होतो, बायकोच्या माहेरी. लेक दहा महिन्यांची झाली. बसते, हसते, हाताला लागेल ते तोंडात घालते, पण रांगायचं नाव नाही. माझ्या टीममधल्या एकाचा मुलगा नवव्या महिन्यात भिंत धरून उभा राहिला. दुसरीची मुलगी रात्रभर सलग झोपते (म्हणे!), वर आई घरीच नाचणीसत्त्व करते. आणि आम्ही? रात्री तीनला हॉलमध्ये फेऱ्या, सकाळी कॉलवर कॅमेरा बंद.

निघायच्या आदल्या रात्री मी बायकोला बोलून गेलो, "तू तिला खाली सोडतच नाहीस, मग रांगणार कशी?" ती काहीच बोलली नाही, बॅग भरत राहिली. कायगावचा गोदावरीचा पूल येईपर्यंत गाडीत शांतता.

शनिवारी सासूबाई लेकीला अंगणवाडीत वजनाला घेऊन निघाल्या. मीही गेलो. सेविकाताईंनी वजन केलं, सात किलो सहाशे, मोबाईलवर नोंदवलं आणि म्हणाल्या, "हिरव्यात आहे."

मी इंजिनिअर माणूस. विचारलं, "म्हणजे पर्सेंटाइल किती?"

ताई हसल्या. "दादा, लेकरू हिरव्यात आहे. खेळतंय ना? मग झालं."

आमच्यामागे एक बाई होती, कडेवर वर्षाचं पोर. त्याचं वजन पिवळ्यात आलं. ती लाजली नाही, की आमच्या लेकीकडे बघून खट्टू झाली नाही. सरळ विचारलं, "मग काय खाऊ घालू?" ताई तिला बराच वेळ समजावत होत्या. खरं सांगतो, मला तिथे उभं राहायला अवघड झालं. तो तक्ता तिच्या पोरासाठी आहे हो! मागे पडणारं मूल वेळेत सापडावं म्हणून. आणि मी त्यात लेकीचा नंबर शोधत होतो, दहावीच्या निकालासारखा.

रात्री बसून वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ मुलांचा अभ्यास केला होता, त्यात भारतही होता. २००६ साली निष्कर्ष आले. हातगुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत कधीही. आधाराविना चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. म्हणजे दोन निरोगी मुलांत नऊ महिन्यांहून जास्त फरक असू शकतो! आणि सुमारे ४.३ टक्के मुलं तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आता कोणी म्हणेल, मग काळजीच करायची नाही का? करायची की. खिडकी उलटून गेली, किंवा मूल आधी करत होतं ते करेनासं झालं, तर डॉक्टरकडे जायचंच. पण सहकाऱ्याचा मुलगा ही काही खिडकी नव्हे.

असो. हे आकडे बायकोला दाखवले. तिने शांतपणे वाचले आणि म्हणाली, "हे मला दाखवतोयस? मी कधी म्हटलं होतं ती मागे आहे?"

बरोबर होतं. मी सॉरी म्हटलं, जरा उशिराच. त्यावर ती म्हणाली, "आज रात्रीच्या फेऱ्या सगळ्या तुझ्या."

पहाटे चारपर्यंत घातल्या. लेक अजून रांगत नाही.