कोलाहल कोणता आणि संवाद कोणता?

गेल्या गणेशोत्सवापूर्वी येथील एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक अर्ज आला. अर्जदार आपल्यापैकीच एका बदलीवर आलेल्या सहकाऱ्याचा विशीतला मुलगा. 'टेक्नो' नावाच्या संगीताचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करू द्यावा, एवढीच त्याची विनंती. "डीजे? आणि गणपतीपुढे?" एवढ्या दोन प्रश्नांत अर्ज निकालात निघाला. त्या बैठकीस मीही हजर होतो आणि गप्प बसलो. हा लेख म्हणजे त्या मौनाचे प्रायश्चित्त होय.

'डीजे' या नावाखाली आपण दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. पहिली, मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांची भिंत. तिची तरफदारी मी करणार नाही. तिच्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनी घालून दिली आहे. परंतु नियमाने आवाज मोजला आहे, कला नव्हे. हा भेद सरकारी नोकरांना तरी कळावयास हवा!

दुसरी गोष्ट त्या मुलाची विद्या. एक रचना संपण्यापूर्वी तिच्याखाली दुसरी सुरू करावयाची, दोहोंची लय जुळवावयाची आणि दोन्ही एकत्र वाजत असता त्यांचे स्वर एकमेकांवर आदळू द्यावयाचे नाहीत. त्यासाठी ही मंडळी बारा घरांचे एक चक्र वापरतात. शेजारच्या घरात जाणे म्हणजे षड्जावरून पंचमावर अथवा मध्यमावर जाणे. नऊ आणि तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना भरतमुनींनी संवादी म्हटले, ते याहून निराळे काय आहे? बिलावलाचे सात स्वर घ्या आणि पंचमास षड्ज मानून तोच सप्तक पुन्हा मांडा. सातांपैकी सहा स्वर कायम राहतात. केवळ मध्यम तीव्र होतो. मूळ षड्जावरून पाहिल्यास ते यमनाचे स्वर झाले. उलट षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकवला, तर दोनच स्वर सामाईक उरतात आणि कान विटतो. त्यातही मेख अशी की, लय जुळवण्यासाठी तबकडीचा वेग सुमारे सहा टक्के वाढवला की स्वरही अर्ध्या स्वराने चढतो. आजची यंत्रे ही अडचण दूर करतात. निवड मात्र कानालाच करावी लागते.

"हे परक्यांचे खूळ," असे कोणी म्हणेल. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ मध्येच दहा राग विद्युत्वाद्यांवर, यंत्राच्या ठेक्यात बसवून ध्वनिमुद्रित केले. तेव्हा त्याची दखल कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी श्रोते थक्क झाले. आपण मात्र आपल्याच घरातील नवलाईस नेहमी उशिरा ओळखतो.

त्या मुलासही एक गोष्ट सांगावयाची आहे. चक्रावरील आकड्यावर विसंबू नकोस. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. यंत्र दोहोंस एकच आकडा देईल. राग आकड्यात मावत नाही.

वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत पहाटे व्हायोलिनचा रियाज ऐकू येतो. तेथील वृद्ध शिक्षकांना मी हे चक्र दाखविले. ते हसले आणि मोहनम वाजविता वाजविता गांधारास षड्ज करून हिंदोळममध्ये शिरले. आपण ज्यास भूप आणि मालकंस म्हणतो, ते हेच. "आम्ही यास ग्रहभेद म्हणतो," एवढेच ते बोलले. याच तामिळ भूमीने तंजावरच्या मार्गाने आलेल्या आपल्या कीर्तनास जवळ केले; साकी, दिंडी, ओवी आणि अभंग येथील हरिकथेत सामावून घेतले. त्या औदार्यावर अभिमानाने भाषणे करणारे आपण, आपल्याच मुलास अर्धा तास देत नाही!

माझी सूचना साधी आहे. यंदा अर्ज मंजूर करावा, आवाजाची कळ कार्यकारिणीने आपल्या हाती ठेवावी आणि शेवटपर्यंत ऐकावे. त्यानंतर नापसंती खुशाल नोंदवावी. न ऐकता दिलेला निकाल मात्र मला मान्य नाही. आणि यापुढच्या बैठकीत मी गप्प बसणार नाही.