अस्सल कोल्हापुरी, पण कुणाची?

भाच्यानं मोबाईलवरून मागवलेली ‘अस्सल कोल्हापुरी’ चप्पल घरी आली. अंगठा रेक्झिनचा, तळ सोल्युशननं चिकटवलेला. पहिल्याच पावसात पुठ्ठा उकलून वर आला. खरी कोल्हापुरी म्हणजे बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीनं हातानं घातलेली शिवण. खिळा म्हणून औषधाला सापडायचा नाही. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे तिचे हक्काचे मालक ठरले. तरी ऑनलाइन बाजारात कुणीही उठतो आणि हे नाव लावून माल खपवतो. विक्रेत्याचा पत्ता दाखवणं, तक्रारीची पोच 48 तासांत देणं आणि महिन्याभरात ती निकाली काढणं हे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी अशा बाजारांवर बंधनकारक आहे. पण दिवसभर आरी चालवणाऱ्या कारागिरानं रात्री बसून एकेक खोटी जाहिरात शोधायची कधी? मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय ‘कोल्हापुरी’ हा शब्द विक्रीच्या पानावर चढूच देऊ नये. हे काम बाजार चालवणाऱ्या कंपन्यांचं आहे, आणि ते त्यांच्याकडून सरकारनं करून घ्यायला हवं.