चिनी दस्तरखान आणि आपला व्यापारी

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणपती मूर्तींच्या कारखान्यांमुळे सर्वांना ठाऊक आहेत. मूर्ती इथली, कारागीरही इथले. पण खडे, मणी, दिव्यांच्या माळा या सजावटीच्या बाजारात चिनी मालाने केव्हाच जागा पटकावली आहे. उद्योगाला लागणारी आयात गैर नाही, पण गणपतीच्या मूर्तीही चीनमधून का आणाव्यात, असा सवाल अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जून २०२० मध्ये केला होता. सवाल रास्त होता. तरीही सजावटीच्या मालासाठी आपले व्यापारी बंधू यीवूच्या घाऊक बाजारात किंवा १९५७ पासून भरणाऱ्या ग्वांगजौच्या मेळ्यात जातातच. भाव कसा पाडावा हे त्यांना शिकवावे लागत नाही. अडचण येते ती संध्याकाळच्या मेजवानीत.

चिनी व्यापाऱ्याच्या दृष्टीने जेवण हा सौद्याचाच भाग असतो. आधी ओळख, मग विश्वास, मग माल, असा तिथला क्रम. टेबल गोल असते. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची. तिथे बहुधा यजमान बसतो आणि प्रमुख पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. म्हणून जागा दाखवल्याशिवाय बसू नये. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचू नयेत; मृतांसाठी लावलेल्या उदबत्तीची ती खूण मानतात. बिल यजमान देतो, वर्गणी काढत नाहीत. त्याची परतफेड पुढच्या वेळी आपण जेवण देऊन करायची.

खरी कसोटी दारूची आणि गोश्ताची. काहीजण ‘धंद्यासाठी चालते’ म्हणून प्याला उचलतात. काहीजण उलट आमंत्रणच नाकारतात आणि समोरच्याचा अपमान करून येतात. आमच्या मते दोघेही चुकतात. पहिला दीन गमावतो, दुसरा विनाकारण माणूस गमावतो. वास्तविक दारूऐवजी चहाचा प्याला उंचावणे ही चिन्यांचीच जुनी रीत आहे. आपला प्याला यजमानाच्या प्याल्यापेक्षा किंचित खाली धरला की अदब पूर्ण झाली!

खाण्याबाबत मात्र सावध राहावे. चिनी भाषेत नुसते ‘रौ’ म्हटले तर बहुधा डुकराचेच मांस समजावे. भाजीतही डुकराची चरबी किंवा तांदळाची दारू असू शकते, म्हणून ‘शाकाहारी’ शब्दावर विसंबू नये. ‘छिंगचन’ ही पाटी असलेली हॉटेले मुसलमानांची असतात. चीनमध्ये हुई मुसलमानांची वस्ती शतकानुशतके आहे. ग्वांगजौची हुआयशंग मशीद तिथल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक मानली जाते. आमंत्रण येताच, टेबलावर बसण्याआधीच, आपली अट नम्रपणे कळवावी. पाहुण्याला काय चालत नाही हे आधी समजले तर यजमानाची अब्रू राखली जाते. ऐन ताटावर नकार दिला तर ती जाते.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांनी अनोळखी पाहुण्यांपुढे विचारपूस करण्याआधी जेवण ठेवले होते. मेहमाननवाजी ही आपलीच मिरास आहे. पण धंद्यात आपण ती विसरत चाललो आहोत. मुंबई-पुण्याचा गिऱ्हाईक आपल्या गावी येतो तेव्हा कटिंग चहावर त्याची बोळवण होते आणि घासाघीस पहिल्या मिनिटाला सुरू होते. त्याला दुपारी तांदळाच्या भाकरीवर, कोकणी कालवणावर बसवायला किती खर्च येतो? तो हिंदू असेल, शाकाहारी असेल, तर तेही आधी विचारावे. आपल्या हलालची कदर व्हावी असे वाटत असेल, तर दुसऱ्याच्या पथ्याची कदर आपण प्रथम केली पाहिजे.

भाव दोन रुपयांनी कमी करणारा उद्या दुसरा कोणी भेटेल. इज्जतीने जेवू घालणारा मात्र गिऱ्हाईकाच्या लक्षात राहतो. व्यापारी बंधूंनी याचा जरूर विचार करावा.